‘डायरी म्हणजे पुरावा नव्हे’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेले काही आठवडे नाशकातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. गोदाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गटात तो आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात आला, आणि आमच्या वाचनगटात तर निरनिराळ्या लोकांनी पुन्हा पुन्हा टाकला. पाठवणारे सगळे चांगले, वाचणारे लोक आहेत. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: अ‍ॅन फ्रँक या, दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून नेदरलँड्समध्ये कुटुंबासह लपून राहिलेल्या ज्यू मुलीची डायरी बॉलपेनने लिहिली आहे आणि बॉलपेन युद्धानंतर आलं, तेव्हा ती बनावट. जी काही खरी असेल ती तिच्या वडिलांनी बदलली. एका मुलीच्या भावना म्हणजे इतिहास नव्हे. खरा इतिहास सरकारी कागदपत्रांत असतो. आपल्या सुप्रीम कोर्टानेही डायरी पुरावा मानलेली नाही. हिटलरच्या डायऱ्या खोट्या निघाल्या, तशा याही निघतील. डायऱ्या लिहिणारे सगळे शिकलेले, खाऊनपिऊन सुखी लोक. आणि शेवटची ओळ: छळाच्या जुन्या वह्या उराशी धरून बसण्यापेक्षा रद्दीत घाला आणि पुढे चला.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर आहे, आणि ते कुणालाही पडताळून पाहता येईल असं आहे.

बॉलपेनची गोष्ट

मेसेजचा सगळा जोर या एका वाक्यावर आहे, म्हणून ते आधी घेतो.

हा आरोप आला कुठून? १९८० साली पश्चिम जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे अन्वेषण खात्याने एका खटल्याच्या निमित्ताने चार पानी अहवाल दिला. सुट्या पानांवर काही ठिकाणी बॉलपेनच्या शाईतल्या दुरुस्त्या आहेत, एवढंच त्यात म्हटलं होतं. डायरी बॉलपेनने लिहिली, असं त्या अहवालात कुठेही नव्हतं. वर्तमानपत्रांनी आणि पुढे नाझींची पाठराखण करणाऱ्यांनी त्याचं ‘डायरी बॉलपेनने लिहिली’ असं करून टाकलं. त्याच खात्याने २००६ साली जाहीर सांगितलं की आमच्या अहवालाच्या आधारे डायरीच्या अस्सलपणावर शंका घेता येणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याला १९८० सालची बातमी मिळाली, २००६ सालची मिळाली नाही.

मग बॉलपेन होतं का? होतं, दोन चिठ्ठ्यांवर. सुट्या पानांत मागाहून ठेवलेल्या त्या चिठ्ठ्या अ‍ॅनच्या अक्षरातल्या नाहीत, डायरीच्या मजकुराचा भागही नाहीत. १९६० च्या सुमाराला न्यायालयाच्या सांगण्यावरून हस्ताक्षराची तपासणी झाली होती, त्या कामातल्या माणसाचं ते अक्षर आहे. नेदरलँड्सच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेने पुढे कागद, डिंक, शाई आणि हस्ताक्षर सगळं तपासलं. तो निष्कर्ष १९८६ च्या चिकित्सक आवृत्तीत छापला आहे: कागद आणि शाई त्या काळात मिळणारी, अक्षर अ‍ॅनचंच.

डायरीत एक नोंद आहे ती मला या वादात फार महत्त्वाची वाटते. ११ नोव्हेंबर १९४३ ची. अ‍ॅनचं फाउंटन पेन हरवलं. आजीने दिलेलं, लहानपणापासून जपलेलं. टेबलावर घेवड्याच्या बिया निवडत होती, खराब बिया आणि कचरा कागदात गोळा करून शेगडीत टाकला गेला, त्याबरोबर पेनही गेलं. दुसऱ्या दिवशी वडिलांना राखेत फक्त पेनाची क्लिप सापडली. त्या पेनावर तिने हळहळून एक सबंध नोंद लिहिली आहे. ज्या डायरीवर ‘पेन चुकीचं आहे’ असा आरोप आहे, त्याच डायरीत पेनाचा मृत्यू तारखेसकट नोंदवलेला आहे. आरोप करणाऱ्याने डायरी उघडूनही पाहिलेली नाही, एवढं यावरून नक्की कळतं.

‘वडिलांनी बदलली’

हे खरं आहे, पण मेसेजला वाटतं त्या अर्थाने नाही.

२८ मार्च १९४४ रोजी लंडनहून डच रेडिओवर एका मंत्र्याने आवाहन केलं की युद्ध संपल्यावर सामान्य लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा केली जातील, जपून ठेवा. लपलेल्या घरात ते भाषण ऐकलं गेलं. त्यानंतर अ‍ॅन स्वतःच बसून जुन्या नोंदी सुट्या कागदांवर पुन्हा लिहू लागली. म्हणजे एक मूळ वही आणि एक तिनेच सुधारलेली प्रत. ४ ऑगस्ट १९४४ ला धाड पडली, तिथे लपलेल्या आठही जणांना नेलं. पानं जमिनीवर पसरलेली होती. वडिलांच्या ऑफिसातल्या दोघींनी ती गोळा केली आणि त्यांतल्या मिएप गीस यांनी न वाचता खणात ठेवली. अ‍ॅन १९४५ च्या सुरुवातीला बेर्गन-बेल्सन छावणीत मरण पावली. एकटे वडील, ओटो फ्रँक, परत आले. त्यांनी दोन्ही प्रतींतून एक तिसरी जुळवली आणि १९४७ साली छापली. मुलीने आईबद्दल रागाने लिहिलेलं काही, वयात येण्याबद्दलचं काही त्यांनी गाळलं. बायको आणि मुली गमावलेल्या बापाने असं केलं, यात लबाडी शोधायची असेल तर शोधा. मला ती दिसत नाही.

महत्त्वाचं पुढे आहे. ओटो फ्रँक १९८० साली वारले तेव्हा त्यांच्या इच्छापत्रानुसार मूळ कागद डच युद्धकालीन अभिलेख संस्थेकडे गेले. संस्थेने तिन्ही पाठ शेजारीशेजारी छापले. काय गाळलं, कुठे बदललं, हे आज कुणीही ओळीओळीने पाहू शकतो. २०१८ मध्ये तर तिनेच तपकिरी कागद चिकटवून झाकलेल्या दोन पानांखालचा मजकूरही वाचला गेला.

आपल्याकडेही असं घडलंय. वरसईचे गोडसे भटजी १८५८ साली झाशीत होते. इंग्रजांनी शहर घेतल्यावर झालेली कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि पुढे कित्येक वर्षांनी लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते पुस्तक छापलं, तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले. नंतर दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली. झाशीच्या कत्तलीचं काय झालं? ती खोटी ठरली नाही. फेरफार कळले ते मूळ कागद जपले होते म्हणून. संपादकाची कात्री आणि बनावट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘एका मुलीच्या भावना म्हणजे इतिहास नव्हे’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला, आणि इथे जरा थांबणार आहे.

अ‍ॅनच्या डायरीत छावण्या नाहीत, हे बरोबर आहे. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे, तीन दिवसांनी तिला पकडलं. साठ लाख ज्यू मारले गेले हे अ‍ॅनच्या डायरीवरून सिद्ध होतं, असं कुठलाही इतिहासकार म्हणत नाही. ज्या गोष्टीसाठी डायरी वापरलीच जात नाही, ती डायरीत नाही म्हणून डायरी निकालात काढायची, हा युक्तिवाद झाला नाही.

डायरी कशासाठी वापरतात, ते बघायचं असेल तर ड्रेस्डेन शहरातल्या व्हिक्टर क्लेम्पेरर यांच्याकडे जावं लागेल. फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक, जन्माने ज्यू, पत्नी एफा ज्यू नव्हती म्हणून शेवटपर्यंत कसेबसे वाचले. १९३३ ते १९४५, बारा वर्षं त्यांनी लिहिलं. नोकरी गेली. ग्रंथालयाचं दार बंद झालं. गाडी चालवायची नाही. टाइपरायटर जमा करायचा. ट्रॅममध्ये बसायचं नाही, फुलं विकत घ्यायची नाहीत, ठरल्या तासाबाहेर दुकानात जायचं नाही. एकेक हुकूम ते तारखेनिशी उतरवून ठेवतात. मग १९४२ च्या मे महिन्यात हुकूम येतो की ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, दुसऱ्यांना द्यायचेही नाहीत. त्यांचा म्हातारा बोका होता, मुशेल. त्या तंगीच्या दिवसांत घरातलं थोडंसं मांस त्याच्यासाठी राखलं गेलं, आणि मग एफा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, शेवटची सुई द्यायला.

सरकारी राजपत्रात हा हुकूम एका ओळीत सापडेल. एका घराचं त्या ओळीने काय केलं, हे राजपत्र सांगत नाही. क्लेम्पेरर स्वतः एके ठिकाणी म्हणतात की मोठ्या घटना लक्षात राहतील, पण जुलमाचा रोजचा दिवस विसरला जाईल, आणि डोक्यावरच्या एका घावापेक्षा हजार डासांचे चावे वाईट असतात; मी ते चावे टिपून ठेवतो. पोलीस घराची झडती घ्यायला वरचेवर येत. ती पानं सापडली असती तर ते, एफा आणि डायरीत ज्यांची ज्यांची नावं होती ते सगळे गेले असते. म्हणून एफा पानं घेऊन पिर्ना गावातल्या डॉक्टर मैत्रिणीकडे नेऊन ठेवायची. कागदाच्या एकेका गठ्ठ्यासाठी तीन माणसांनी जीव पणाला लावला, तो ‘भावना व्यक्त करायला’ नव्हे.

आणि एक नोंद बघा. १६ मार्च १९४२. क्लेम्पेरर लिहितात की अलीकडे आउश्विट्झ हे सगळ्यात भयंकर छावणीचं नाव म्हणून कानावर आलं. बाहेरच्या जगाशी संबंध तोडलेल्या, रेडिओ काढून घेतलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला १९४२ च्या मार्चमध्ये हे नाव माहीत होतं. तिकडे लाउबाख गावात फ्रीड्रिख केलनर नावाचे न्यायालयातले एक साधे जर्मन कर्मचारी होते, ज्यू नव्हेत. २८ ऑक्टोबर १९४१ ला त्यांनी नोंदवलं की रजेवर आलेल्या एका सैनिकाने पोलंडमध्ये नागड्या ज्यू स्त्रीपुरुषांना खंदकाशी उभं करून गोळ्या घातलेल्या पाहिल्या. ‘आम्हाला काही माहीतच नव्हतं’ असं युद्धानंतर कोट्यवधी जर्मन म्हणत राहिले. त्या वाक्याला सगळ्यात ठोस उत्तर या दोन वह्यांनी दिलंय, कुठल्या सरकारी फायलीने नाही. कारण कुणाला काय, केव्हा माहीत होतं, हे त्या त्या दिवशी लिहिलेल्या कागदावरूनच कळतं. नंतर प्रत्येकाला सगळंच आधीपासून माहीत असतं, किंवा काहीच माहीत नसतं.

डायरीची खरी ताकद इथे आहे. लिहिणाऱ्याला शेवट माहीत नसतो. आपल्याकडे पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात ना, तशी ही गोष्ट आहे. नाशिकला आलेल्या यजमानाने त्या दिवशी स्वतःच्या हाताने गावाचं नाव, बापाचं, आजाचं नाव लिहिलं. पुढे शंभर वर्षांनी वंशावळीवरून भाऊबंद भांडणार आहेत, हे त्याच्या स्वप्नातही नसतं. म्हणून त्या वहीवर आपण विश्वास ठेवतो. अक्षर, शाई, आधीची नोंद, नंतरची नोंद यांच्याशी ताडूनच ठेवतो, पण ठेवतो.

मुलीचं लिहिणं म्हणून नाक मुरडणाऱ्या मराठी वाचकाला आणखी एक आठवण करून द्यायची आहे. सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती डायरी नव्हे, पण साक्ष आहे. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून आमच्या माणसांना पुरत, असं त्या शाळकरी मुलीने लिहून ठेवलं. पेशवाईच्या दप्तरात अस्पृश्यांच्या बाजूने हे कोण लिहिणार होतं? तिची साक्ष वयावरून नाकारायची असेल, तर तसं उघड म्हणा.

‘खरा इतिहास सरकारी कागदांत’

सरकारी कागद हवेतच. पण छळ करणारं सरकार असेल तर त्याचे कागद कसे तयार होतात, ते आधी बघावं.

१९४३ च्या सुरुवातीला नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याच्या सांगण्यावरून रिचर्ड कोरहेर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ज्यूंच्या ‘अंतिम निकाला’ची आकडेवारी तयार केली. अहवालात ‘विशेष वागणूक’ असा शब्द होता. मारून टाकण्यासाठी एसएसच्या फायलींत तोच वापरायचे. हिमलरच्या कार्यालयातून लेखी सूचना आली: तो शब्द कुठेही नको, ज्यूंना पूर्वेकडे पाठवलं, छावण्यांतून पुढे नेलं असं लिहा. म्हणजे आतल्या आत फिरणारा, गुप्त कागदसुद्धा धुऊन काढला गेला. पुरलेली प्रेतं उकरून जाळायची वेगळी पथकं होती. आउश्विट्झची दाहगृहं माघार घेताना सुरुंग लावून उडवली. ढीगभर कागद जाळले. जो पक्ष स्वतःच पुरावे जाळतोय, त्याच्याच फायलीत नाही म्हणून घडलं नाही, असं म्हणायचं?

सगळे सरकारी कागद खोटे, असंही मी म्हणत नाही. लिथुआनियात खून करत फिरणाऱ्या पथकाचा प्रमुख कार्ल येगर याने १ डिसेंबर १९४१ ला वरिष्ठांना पाठवलेला अहवाल आज उपलब्ध आहे. तारीख, गाव, पुरुष किती, बायका किती, मुलं किती, आणि एकूण बेरीज १,३७,३४६. बढाई मारायला लिहिलेला कागद, म्हणून आकडा लपवलेला नाही.

आता याच भागातली दुसरी नोंद. विल्ना शहराजवळ पोनारीचं जंगल. तिथल्या छोट्या घरात काझिमिएश साकोविच हा पोलिश पत्रकार राहत होता. ज्यू नव्हता. ११ जुलै १९४१ ला त्याची पहिली नोंद: हवा छान, ऊब आहे, पांढरे ढग, थोडा वारा, आणि जंगलातून गोळ्यांचे आवाज. सराव चालला असेल, असं त्याला वाटलं. मग कळलं की सराव नाही. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ तो मोजत राहिला: किती गाड्या आल्या, किती माणसं उतरवली, कुणी गोळ्या झाडल्या, मेलेल्यांचे कपडे गावात कुणी किती भावाने विकले. सुटे कागद, कॅलेंडरचे कोरे कडेचे भाग, जे मिळेल त्यावर. ते लेमोनेडच्या रिकाम्या बाटल्यांत भरून जमिनीत पुरायचा. युद्ध संपेपर्यंत तो वाचला नाही. पोनारीत अंदाजे सत्तर हजार ज्यू मारले गेले.

येगरचा कागद बेरीज देतो. साकोविचच्या बाटल्यांतून ती गोळी, ती गाडी आणि ते विकलेले बूट मिळतात. ‘सराव असेल’ ही त्याची चूकसुद्धा पुरावाच आहे, कारण मागाहून रचणारा माणूस अशी चूक पहिल्याच ओळीत लिहीत नाही.

आणखी एक डायरी, वॉर्सा गेटोच्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीच्या, ज्यू परिषदेचा अध्यक्ष आडाम चेर्न्याकुफ याची. २२ जुलै १९४२ ला गेटोतून माणसं ‘पूर्वेला वसवायला’ नेण्याचा हुकूम आला. २३ तारखेची त्याची नोंद: तीन वाजलेत. आत्तापर्यंत चार हजार तयार आहेत. हुकूम आहे की चारपर्यंत नऊ हजार पाहिजेत. त्याच दिवशी त्याने विष घेतलं. त्यानंतरच्या दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेली. जर्मनांचीच एक गुप्त तार ब्रिटिशांनी जानेवारी १९४३ मध्ये पकडली होती, ती इतकी वर्षं दप्तरात पडून राहिली आणि २००० साली अभ्यासकांच्या लक्षात आली. ट्रेब्लिंका धरून अशा छावण्यांत नेलेल्यांची तिच्यातली एकूण बेरीज १२,७४,१६६. कोरहेरच्या अहवालातही नेमका हाच आकडा आहे. तारीख, तास, तार आणि अहवाल, चार बाजूंनी आलेल्या गोष्टी एकमेकींना धरून उभ्या राहतात. इतिहास असा सिद्ध होतो. यातली डायरी काढून टाकली तर आकडा उरेल, पण चार वाजेपर्यंत नऊ हजार माणसं आणून देण्याचा हुकूम हातात धरलेला तो माणूस उरणार नाही.

नाशिककरांना हे परकं वाटायला नको. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. पोलिसांच्या लेखी हा बंदोबस्ताचा, शांतताभंगाचा प्रश्न. दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रं जपून ठेवली म्हणून आज त्या पाच वर्षांच्या लढ्यातले निर्णय, ताण, थकवा, पैशांची चणचण आपल्याला आतून कळते. नुसत्या जिल्हा कचेरीच्या फायलींवर त्या लढ्याचा इतिहास लिहिला असता, तर तो कुणाच्या बाजूने लिहिला गेला असता?

कोर्ट काय म्हणालं

हा मुद्दा थोडक्यात. मेसेजमध्ये सुप्रीम कोर्टाचं जे नाव आहे ते जैन हवाला प्रकरणातल्या १९९८ च्या निकालावरून. तिथे प्रश्न हिशेबाच्या नोंदींचा होता. कोर्टाने म्हटलं की हिशेबाच्या वहीतल्या नोंदी एवढ्यावरच एखाद्याला जबाबदार धरता येत नाही, स्वतंत्र पुष्टी हवी. पुष्टी हवी, म्हणजे वही कचरा, असा अर्थ होत नाही. मृत माणसाने आधी लिहून ठेवलेलं विधान ठराविक परिस्थितीत पुरावा म्हणून घ्यायची तरतूद आपल्याकडच्या कायद्यात १८७२ पासून आहे. आणि न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात तर एका डायरीने मोठं काम केलं. व्यापलेल्या पोलंडचा गव्हर्नर हान्स फ्रांक याची चाळीसेक खंडांची कामकाजाची डायरी अमेरिकनांच्या हाती लागली, ती त्याच्याच विरुद्ध वाचून दाखवली गेली आणि तो फासावर गेला. इतिहासकारही पुष्टी मागतोच. वर चेर्न्याकुफच्या नोंदीबाबत तेच केलं.

हिटलरच्या खोट्या डायऱ्या

हो, त्या खोट्या होत्या. १९८३ च्या एप्रिलमध्ये जर्मन साप्ताहिक ‘श्टेर्न’ने त्या छापायला घेतल्या, त्यासाठी ९० लाखांहून जास्त मार्क मोजले होते. एका नामवंत इंग्रज इतिहासकाराने सुरुवातीला त्या खऱ्या म्हणून शिक्कामोर्तबही केलं. मग जर्मनीच्या केंद्रीय अभिलेखागाराकडे कागद गेला. त्यात युद्धानंतर वापरात आलेलं चमक आणणारं रसायन निघालं. मजकूर हिटलरच्या भाषणांच्या एका छापील संग्रहातून उचललेला निघाला, त्यातल्या चुकांसकट. दोन आठवड्यांत सगळं बाहेर आलं. कोनराड कुयाऊ नावाच्या बनावटखोराला तुरुंगवास झाला.

कागद, शाई, अक्षर, मजकुराची इतर साधनांशी जुळणी, या कसोट्यांवर हिटलरच्या डायऱ्या पडल्या. त्याच प्रकारच्या कसोट्यांवर अ‍ॅनची डायरी उभी राहिली. मेसेज पहिला निकाल मानतो आणि दुसरा नाकारतो. का?

‘लिहिणारे सगळे शिकलेले, सुखी’

‘सुखी’ हा शब्द सोडून देतो. पण ‘शिकलेले’ यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. खेड्यातली निरक्षर बाई, अंगावरचं मूल, रोमा भटक्या लोकांचे तांडे, यांच्या डायऱ्या जवळजवळ नाहीत. आपल्याकडेही ज्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला त्यांच्या हातात पाटी-पेन्सिल पडू दिली नव्हती. डायऱ्यांतून दिसणारं चित्र अपुरंच राहणार. त्यावर उपाय आणखी साक्षी गोळा करणं हाच.

वॉर्सा गेटोत इमान्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने नेमकं हेच केलं. काही डझन माणसांचा गुप्त गट, नाव ‘ओनेग शबात’. चार लाखांहून जास्त लोक कोंबलेल्या त्या भिंतीआड त्यांनी डायऱ्या तर गोळा केल्याच, पण मुलांचे शाळेतले निबंध, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, खाऊच्या गोळ्यांचे वेष्टनकागद, भिंतींवर लावलेले हुकूम, निर्वासितांच्या तोंडून ऐकून लिहिलेले जबाबही जमवले. हे सगळं जमिनीत पुरायच्या वेळी एकोणीस वर्षांच्या डाविद ग्राबरने आपली शेवटची चिठ्ठी त्यात ठेवली: जगाला ओरडून सांगता आलं नाही, ते आम्ही जमिनीत पुरलं. १९४६ च्या सप्टेंबरमध्ये पत्र्याचे दहा डबे सापडले. १९५० च्या डिसेंबरमध्ये दुधाच्या दोन मोठ्या किटल्या. तिसरा साठा अजून मिळालेला नाही. सुमारे ३५ हजार पानं हाती आली. रिंगेलब्लुम स्वतः १९४४ च्या मार्चमध्ये मारले गेले.

‘रद्दीत घाला’

पोलंडमधल्या वुच शहराच्या गेटोत डाविद शेराकोव्हियाक नावाचा मुलगा होता. शाळेत हुशार, गणित आणि भाषा आवडणारा. भूक आणि क्षयाने तो ऑगस्ट १९४३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी गेला. युद्ध संपल्यावर एक पोलिश माणूस आपल्या घरात परतला, तर शेगडीवर वह्यांची चळत होती. त्या जळणासाठी वापरल्या जात होत्या. पाच वाचल्या. मधल्या गेल्या, म्हणून त्या मुलाच्या आयुष्यातले कित्येक महिने आज कोरे आहेत. मेसेजचा सल्ला तिथे कुणीतरी आधीच अमलात आणला होता.

तेव्हा उलट विनंती करतो. नाशिक, देवळाली, येवला, निफाड, कुठेही असा. तुमच्या घरात काळाराम सत्याग्रहात उभ्या राहिलेल्या, फाळणीत इकडे आलेल्या, आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या किंवा गावातून बहिष्कृत झालेल्या कुणाची वही, पत्रं, पॉकेट डायरी, हिशेबाच्या कोपऱ्यात खरडलेल्या ओळी असतील, तर त्या टाकू नका. शुद्धलेखन सुधारू नका. नको वाटणारी पानं फाडू नका, नाव गैरसोयीचं आहे म्हणून खोडू नका. सेलोटेप लावू नका, तो कागद खातो. पानांचे क्रमाने, उजेडात, कोऱ्या पानांसकट फोटो घ्या. कोणी लिहिलं, वही तुमच्याकडे कशी आली, हे वेगळ्या कागदावर लिहून तारखेसह सही करा. आणि मूळ प्रत कुठे द्यायची ते ठरत नसेल तर आधी सार्वजनिक वाचनालयात जाऊन विचारा. १८४० पासून ते या शहरात आहे.